खोलीत आणलेला कडा

नदीकाठचा रस्ता खचला आणि कॉलेजची सहल बंद झाली, तेव्हा सगळ्यात जास्त जीव कोणाचा तुटला असेल, तर तो भूशास्त्राच्या मॅडमचा. पहिल्या वर्षाच्या वर्गाला त्या दरवर्षी एकाच कड्यापाशी नेत असत. उंच, उघडा, थरावर थर रचलेला कडा; पायथ्याशी नदी, आणि कड्याच्या पोटातून उभी वर गेलेली काळ्या दगडाची एक भिंत. फार पूर्वी या थरांना भेग पडली, खालून तापलेला शिलारस त्या भेगेत घुसला आणि तिथेच थिजून दगड झाला, ती ही भिंत. शिकलेली माणसं तिला डाइक म्हणतात. वर्गात घसा कोरडा करूनही ज्यांच्या गळी काही उतरत नसे, त्यांना त्या भिंतीला हात लावला की झटकन उमगायचं. जे कापतं ते नंतरचं, जे कापलं जातं ते आधीचं. एवढं एक कळलं, की दगडांचा इतिहास वाचायला सुरुवात झालीच म्हणून समजा.

मॅडम स्वतः तिथेच हे शिकल्या होत्या. त्यांच्या सरांनी, जे आता निवृत्त होऊन घरी होते, त्याच भिंतीवर हातोडीचं टोक ठेवून सांगितलं होतं, की या कड्यातलं हे सगळ्यात तरुण पोर. खालचे थर, वरचे थर, सगळे म्हातारे; ही भिंत त्यांच्यामागून आली. तेव्हापासून मॅडमही वर्षानुवर्षं हेच वाक्य, त्याच जागी उभं राहून सांगत आल्या होत्या.

आता ती जागाच हातची गेली होती. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं, की बस त्या रस्त्याने जाणार नाही आणि विद्यार्थ्यांना पायी पाठवायची जबाबदारी कॉलेज घेणार नाही. फोटो दाखवा की, म्हणाले. मॅडम त्या दिवशी घरी आल्या त्या तणतणतच.

घरात धाकटा दीर टेबलावर पसारा मांडून ड्रोनचे पंखे बदलत बसला होता. लग्नांचे व्हिडिओ काढणं हा त्याचा धंदा, आणि उडणाऱ्या, फिरणाऱ्या, चमकणाऱ्या प्रत्येक यंत्राचा नाद ही त्याची खोड. वहिनीचं सगळं गाऱ्हाणं त्याने ऐकून घेतलं. मग पंखा घट्ट बसवत म्हणाला, "वहिनी, वर्ग कड्यापाशी जाऊ शकत नाही ना? मग कडा वर्गापाशी आणू."

मॅडमना वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याने कॉम्प्युटर उघडला. परदेशी राहणाऱ्या एका नवरीच्या आईवडिलांसाठी त्याने लग्नाचा अख्खा हॉल तयार केला होता. माऊस हातात घेऊन दारातून आत शिरायचं, खांबाला वळसा घालून स्टेजवर चढायचं, मान वर करून झुंबर बघायचं. शेकडो फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत शेजारच्याचा थोडा भाग आला पाहिजे, मग कॉम्प्युटर ते एकमेकांना जोडून जागेचा हुबेहूब उभा घाट तयार करतो, असं त्याने समजावलं. मॅडमनी झुंबराभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर झुंबराच्या जागी कडा उभा राहिला. त्या दिवशी त्यांचं जेवणाकडेही लक्ष नव्हतं. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, डाइकभोवती ऊन कोणत्या वेळी येतं ते आठवतेय.

बसला रस्ता नव्हता, पण दोन माणसांना पायवाट होती. सुट्टीच्या दिवशी दोघं निघाली. मॅडमनी खालचे थर हातभर अंतरावरून टिपून घेतले, भिंतीच्या दोन्ही कडा टिपल्या, जिथे शिलारसाच्या धगीने शेजारचा दगड भाजून विटेसारखा लाल झाला होता. एका फिकट थरावर आम्लाचा थेंब टाकून तो कसा फसफसतो त्याचा व्हिडिओ घेतला. नदीचा आवाज घेतला, हातोडीचा ठोका घेतला, आणि पायथ्याशी पडलेले दगड पोत्यात भरले, कारण पडद्यावर काहीही दिसलं तरी दगडाचं वजन हाताला कळलं पाहिजे, असं त्यांचं ठाम मत होतं. ते पोतं गाडीपर्यंत दिराच्या पाठीवरून गेलं, हे ओघाने आलंच.

खरं तर त्यांना पायथाच हवा होता. अर्ध्या उंचीवर कड्याला एक कंगोरा होता, झुडपांनी भरलेला. त्याच्या वरचं खालून काही दिसत नसे, आणि पलीकडच्या काठावरून बघावं तर वरचा भाग वर्षानुवर्षं ओघळलेल्या पाण्याच्या काळ्या डागांनी माखलेला. वर काही बघण्यासारखं नाही, बॅटरी फुकट घालवू नकोस, असं त्यांनी दिराला बजावलं. पण ज्याची हयात लग्नाच्या व्हिडिओची सुरुवात आकाशातून करण्यात गेली, तो खाली कसा थांबणार? त्याने ड्रोन थेट माथ्यापर्यंत नेला आणि सगळा कडा आडवा-उभा विंचरून काढला. मॅडम रागावल्या, मग हसल्या, आणि विसरून गेल्या.

कॉम्प्युटरने पुढचे दोन दिवस पंख्याची घरघर लावून घर डोक्यावर घेतलं. पण पडद्यावर कडा उभा राहिला, तेव्हा मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. त्यांनी माऊस सरकवला आणि त्या नदीकाठावरून चालत भिंतीपाशी पोचल्या. आणखी जवळ गेल्या. भाजलेली लाल कड दिसली, तिच्यातल्या बारीक भेगासुद्धा दिसल्या. त्यांनी नकळत पडद्यावर बोट फिरवलं, तेव्हा दीर म्हणाला, की डाग पडेल, आणि फडकं आणायला गेला.

मग मॅडमच्या अंगात आलं. प्रत्येक थराला त्यांनी चिठ्ठी लावली. इथे टिचकी मारा, या दगडाचं नाव कळेल. इथे मारा, तो कसा बनला ते कळेल. भिंतीवर तर बाण, रंग, आकृती, त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं भाषण, सगळं होतं. त्यांचा वर्ग संध्याकाळचा. दिवसभर कामं करून येणारी मोठी माणसं. दमून आलेल्यांना सगळं आयतं मिळावं, असा त्यांचा हिशोब.

तो साफ चुकला. कॉम्प्युटरच्या खोलीत वर्ग बसला, टिचक्या वाजल्या, आणि तास निम्मा व्हायच्या आत सगळ्यांचं बघून झालं. छान होतं, म्हणाले. एकाने तेवढ्यात फोनवर घरची दोन कामंही उरकली होती. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी विचारलं, की काय राहिलं, मोकळेपणाने सांगा.

वर्गात औषधांच्या दुकानात काम करणारी एक बाई होती. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होई, म्हणून वर्गाने तिचं नाव पणताई ठेवलं होतं, आणि तिनेही ते आनंदाने मिरवलं होतं. ती उठून म्हणाली, "पण मॅडम, सगळं तुम्हीच बघून टाकलंत. आम्ही नुसतं वाचलं."

हे वाक्य मॅडमच्या जिव्हारी लागलं, पण लागलं ते बरोबर जागी. घरी जाताना त्यांना आठवलं, की सरांनी कड्यापाशी नेऊन पहिला तासभर तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. बघा, म्हणाले होते, आणि स्वतः एका दगडावर जाऊन बसले होते. मॅडमनी घरात पाऊल टाकल्या टाकल्या दिराला सांगितलं, की सगळ्या चिठ्ठ्या काढून टाक. त्याने कपाळाला हात लावला. आठवडाभराची मेहनत होती ती. पण वहिनीचा आवाज असा लागला, की मग तो लगेच कामाला लागला.

दुसऱ्या खेपेला कड्यावर एक अक्षर नव्हतं. नदीचा आवाज तेवढा ठेवला. प्रत्येक बाकावर पोत्यातला एकेक दगड, कोरे कागद, पेन्सिली आणि एकच काम: हिंडा, चित्र काढा, आणि या कड्यात आधी काय झालं, मग काय झालं, ते क्रमाने मांडा.

सुरुवातीला कोणाला काही सुचेना. माणसं वाट चुकल्यासारखी नदीवरच फिरत राहिली. एकजण तर थेट जमिनीच्या आत शिरला आणि बाहेर कसं यायचं ते विचारू लागला. मग कोणीतरी ती लाल कड पाहिली आणि शेजारच्याला हाक मारली. दुसऱ्याने बाकावरचा लाल दगड उचलून पडद्याशेजारी धरला. हळूहळू खुर्च्या सरकू लागल्या, माणसं एकमेकांच्या पडद्यांवर वाकू लागली, आणि ज्या खोलीत एरवी कीबोर्डखेरीज आवाज नसायचा, तिथे मंडईसारखा गलका झाला. मॅडम मुद्दाम कोपऱ्यात बसल्या होत्या. जीभ चावून गप्प राहणं काय असतं, ते त्यांना त्या संध्याकाळी कळलं. पण मनातून त्या हरखल्या होत्या.

सगळ्यात मोठं भांडण पणताई आणि तिच्या बाकावरच्या जोडीदाराचं जुंपलं होतं. तो वर्गातला सगळ्यात उंच, दिवसा लिफ्ट दुरुस्त करणारा, नाव अर्थातच लंबू. तो म्हणत होता, भिंत शेवटी आली. ती म्हणत होती, नाही. शेवटी लंबूने हात टेकले आणि दोघांच्या कागदावर तिचंच उत्तर लिहिलं गेलं. आधी खालचे थर, मग काळी भिंत, मग वरचे थर.

मॅडमनी कागद पाहिला आणि प्रेमाने समजावलं, की भिंत कंगोऱ्याच्या मागे दिसेनाशी होते, पण ती पुढे वर गेलेलीच आहे. म्हणून ती सगळ्यांत तरुण.

"पण मॅडम, वर ती दिसत नाही."

"झुडपं आहेत ना तिथे, म्हणून."

"पण झुडपांच्या वर जाऊन बघितलं आम्ही. तिथेही नाही."

दाखवते, म्हणून मॅडमनी माऊस हातात घेतला. भिंतीचं बोट धरून त्या वर निघाल्या. कंगोरा आला, झुडपं आली, झुडपं ओलांडली. समोर कड्याचा वरचा भाग, त्यावर पाण्याचे काळे ओघळ. पण ओघळ म्हणजे भिंत नव्हे. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. परत खाली आल्या, परत वर गेल्या. भिंत कंगोऱ्यापाशी येत होती आणि सुरीने कापावी तशी तिथेच संपत होती. वरचे थर तिच्या डोक्यावरून सरळ, अखंड, निवांत गेलेले.

हे खरं असेल, तर खालचे थर आणि वरचे थर यांच्यामध्ये केवढा तरी काळ गेला होता. थर साचले, भेगाळले, त्यात शिलारस घुसला, थिजला. मग ऊन-वाऱ्याने, पाण्याने सगळं वरून झिजवून सपाट केलं, भिंतीचं डोकंसुद्धा. आणि त्यानंतर नवे थर त्यावर येऊन बसले. एक अख्खं युग त्या कंगोऱ्यात दडलं होतं, आणि त्या दरवर्षी त्याच्या खाली उभं राहून डबा खात होत्या.

पण इतक्यात नाचायचं नाही, एवढं भान त्यांना होतं. फोटो जोडताना कॉम्प्युटर कधी कधी भलतंच शिवून ठेवतो, हे दिराने आधीच सांगितलं होतं. त्यांनी वर्गाला तसं सांगितलं. त्याच क्षणी दिराला फोन करून मूळ फोटो मागवले. तास संपल्याची घंटा झाली, कोणी उठलं नाही. फोटो आले. पण ऐन मोक्याच्या जागी सावली होती, आणि सावलीत काय आहे ते कोणालाच छातीठोक सांगता येईना. मग लंबूने विचारलं, की आम्हाला जायला बंदी आहे, तुमच्या ड्रोनला तर नाही ना?

रविवारी सकाळी मॅडम आणि दीर पलीकडच्या काठावर, पुलाजवळ उभे होते. तिथे फोनला चांगली रेंज मिळत होती. ड्रोनला जे दिसेल ते तिकडे कॉलेजच्या खोलीत मोठ्या पडद्यावर दिसणार होतं. सुट्टी असूनही सगळा वर्ग आला होता. काहींनी घरची माणसंही आणली होती. ऊन नेमकं कंगोऱ्यावर पडलं, तेव्हा ड्रोन उडाला.

वारा होता. चित्र हेलकावे खात होतं. फोनमधून एकाच वेळी सगळे सूचना देत होते, डावीकडे घ्या, खाली घ्या, आणि दीर म्हणत होता, की मी नवरदेवाच्या मामांचंसुद्धा इतकं ऐकत नाही. शेवटी वर्गाने बोलायचं काम एकट्या पणताईवर सोपवलं. ड्रोन झुडपांच्या वर आला, पुढे सरकला, आणि स्थिर झाला.

भिंतीचं कापलेलं डोकं उन्हात लख्ख दिसत होतं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दगड भाजून लाल झालेला, पण डोक्यावरच्या थराला धगीची झळसुद्धा लागलेली नव्हती. मॅडमना वाटलं, एवढं पुरे. तेवढ्यात फोनमधून पणताईचा आवाज आला.

"पण मॅडम, त्या वरच्या थराच्या अगदी बुडाशी ते काळे गोल गोल काय आहे?"

दिराने ड्रोन जितका पुढे नेता आला तितका नेला. वरच्या थराच्या तळात गोटे रुतले होते, गुळगुळीत, काळे, भिंतीच्याच दगडासारखे दिसणारे. भिंत झिजताना तिचे तुकडे निघाले असावेत, पाण्यात घरंगळून गोल झाले असावेत आणि नव्या थराच्या पायात जाऊन बसले असावेत. आई असल्याशिवाय लेकरं येतील कुठून? भिंत आधीची होती. वरचे थर नंतरचे होते. मॅडमनी हे फोनवर सांगितलं. तिकडे खोलीत जो ओरडा झाला, त्याने फोनचा कर्णा फाटल्यासारखा वाजला. बॅटरी संपत आली म्हणून दिराने ड्रोन खाली उतरवला, आणि मग मॅडमनी, कॉलेजात एवढ्या वर्षांच्या नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. पुलाजवळ उड्या मारल्या.

उड्या संपल्यावर मात्र त्यांना सर आठवले. सरांना कोण सांगणार? ज्यांनी हातोडी धरायला शिकवलं, त्यांना तुमचं तरुण पोर तरुण नाही, हे कसं सांगायचं? तरी त्यांनी तिथूनच फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"गोटे किती मोठे आहेत?" सरांनी विचारलं.

मॅडमनी सांगितलं, मुठीएवढे असावेत, काही त्याहून मोठे.

"मग पाणी जोराचं असणार. मी येतोय. कॉलेजची खोली उघडी ठेवायला सांग."

दुपारी सर आले तेव्हा वर्ग अजून तिथेच होता. सरांचे गुडघे आता कड्यापर्यंत चालू देत नव्हते. कितीतरी वर्षांत त्यांनी तो पाहिला नव्हता. सकाळी टिपलेला कंगोरा दिराने तोवर पडद्यावरच्या कड्यात जोडला होता; पडद्यासमोर बसवून मॅडमनी सरांच्या हातात माऊस दिला. सुरुवातीला माऊस त्यांच्या हाताच्या सवयीचा नव्हता आणि कडा डोलत होता. मग ते चालू लागले. नदीकाठाने गेले, ओळखीच्या जागी थांबले, भिंतीपाशी आले, आणि तिथून आयुष्यात पहिल्यांदा वर चढले. कंगोऱ्यावर पोचल्यावर त्यांनी भिंतीचं कापलेलं डोकं दोन्ही बाजूंनी पाहून घेतलं. मॅडम त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

सर वळले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि चेहरा मात्र लहान मुलासारखा खुलला होता. त्यांनी विचारलं, की हे आधी कोणी पाहिलं. सगळ्यांनी पणताईकडे बोट दाखवलं, तिने लंबूकडे दाखवलं. तो भांडला नसता तर मी इतकं नीट बघितलंच नसतं, म्हणाली. सरांनी दोघांना शेजारी बसवून घेतलं आणि त्यांच्या कागदावरचं चित्र मागितलं. मॅडमनी त्यावर लाल पेनाने काही लिहिलं तर नाही ना, हेही विचारून घेतलं. सगळे हसले, मॅडम सगळ्यात जास्त.

मग सरांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि खोलीचं रान पेटलं. हे गोटे वाहून आणणारी नदी कुठल्या दिशेने आली असेल? भिंतीच्या डावीकडे गोटे जास्त आहेत की उजवीकडे? पणताई म्हणाली डावीकडे, लंबू म्हणाला मोजल्याशिवाय सांगू नकोस, आणि दोघं मोजायला बसले. सर माऊस सरकवत त्या थराच्या तळाने डावीकडे निघाले. गोटे मोठे होत गेले, दाट होत गेले. आणि एकदम कडा संपला. पुढे नुसता करडा रिकामा पडदा.

"पुढे काय आहे?" सर म्हणाले.

मॅडमनी सांगितलं, की पुढचं काढलेलंच नाही, फोटो तिथे संपतात. बोलता बोलता त्यांनी दिराकडे पाहिलं. सरांनी पाहिलं. मग अख्ख्या वर्गाने पाहिलं. दीर कोपऱ्यात ड्रोनची बॅटरी चार्जिंगला लावत होता. त्याने मान वर करून सगळ्यांवर एक नजर टाकली आणि म्हणाला, की उद्या एक साखरपुडा आहे, पण परवा सकाळ मोकळी आहे.